अठरा टिक

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी औषधाच्या दुकानातल्या फ्रीजचं तापमान चार अंश होतं. तिने आकडा वहीत लिहिला, समोर वेळ लिहिली, सही केली. मग दार उघडून मधल्या दोन कप्प्यांतल्या खोक्यांवरून नजर फिरवली. एकही खोकं मागच्या भिंतीला टेकलेलं नव्हतं. मागची भिंत बर्फ धरते, आणि एकदा गोठून पुन्हा वितळलेलं इंजेक्शनचं पेन दिसायला चांगल्या पेनासारखंच दिसतं.

बावीस वर्षं ती या दुकानात फार्मसिस्ट आहे आणि बावीस वर्षं ही नोंद करते आहे. मालक तिला तोंडावर ‘थर्मामीटर’ म्हणतो. ‘थर्मामीटर, आज ताप किती?’ हा त्याचा रोजचा विनोद आणि ‘चार’ हे तिचं रोजचं उत्तर. आज त्याने विचारलं तेव्हा तिने वही मिटून ठेवली.

‘काय झालं? वाढला की काय?’

‘आज दादाचा रिपोर्ट आहे. चार वाजता.’

‘आजच होय! नव्वद झाले?’

‘आज नव्वदावा.’

मालकाने गल्ल्याचा खण उघडला आणि काही न घेता बंद केला. ‘येईल गं चांगला,’ तो म्हणाला आणि बिलं बघायला आत गेला.

नव्वद दिवसांची मुदत मूत्रपिंडांच्या डॉक्टरांनी घातली होती. तिच्या थोरल्या भावाची मूत्रपिंडं अचानक बंद पडली होती. अशी बंद पडलेली मूत्रपिंडं चालू व्हायची असतील तर तीन महिन्यांत होतात, असं डॉक्टरांनी तिला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं होतं. तोवर आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. तीन महिन्यांनंतरही आकडा हलला नाही तर डायलिसिस कायमचं. काल सकाळी मशीनवर घेण्याआधी दादाचं रक्त काढलं होतं, आणि आदल्या पूर्ण दिवसाची लघवी वहिनीने प्लास्टिकच्या डब्यात जमवून दिली होती. डब्याच्या तळाशी होती तेवढी.

साडेआठला गिऱ्हाईकं सुरू झाली. हल्ली दर दहांतली तीन-चार फ्रीजकडे बोट दाखवणारी असतात. आठवड्यातून एकदा घ्यायचं हे इंजेक्शन मधुमेहासाठी निघालं, मग त्याने वजनही उतरतं हे लोकांना कळलं. दोन-अडीच वर्षं एकाच कंपनीचं पेन मिळत होतं, तेही मिळालं तर. आता पेटंट संपलंय, आणि मधल्या दोन कप्प्यांत सहा कंपन्यांची सहा पेनं आहेत. औषध सगळ्यांत एकच. मागचं मात्रा लावायचं चाक प्रत्येकाचं निराळं.

पहिलं गिऱ्हाईक पंचेचाळिशीची एक बाई होती. मुलीचं लग्न अडीच महिन्यांवर होतं.

‘निळ्या टोपणाचं द्या. आणि मला शिकवत बसू नका हं, माझी नणंद घेते. अठ्ठावीस टिक. पाठ आहे मला.’

‘नणंदेचं पेन कोणत्या रंगाचं?’

‘असेल करडं नाहीतर पांढरं. औषध एकच ना?’

‘औषध एकच. टिक वेगळे.’ तिने नमुन्याचं रिकामं पेन काउंटरवर ठेवलं. ‘हे फिरवा. माझ्यासमोर.’

‘अहो, मी काय शाळेत आलेय?’

‘फिरवा. खिडकीत कोणता आकडा येतो ते मोठ्याने वाचा.’

बाईने रांगेकडे बघितलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, ‘फिरवा हो ताई. माझीपण परवा परीक्षा घेतली हिने. चष्मा विसरलो म्हणून नापास केलं.’ लोक हसले. बाईने चाक फिरवलं, आकडा वाचला. मग बाईच्या खोक्यावर तिने स्वतः लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली. अशा चिठ्ठ्या ती रोज तीस-चाळीस लिहिते: ‘टिक मोजू नका. खिडकीतला आकडा वाचा. जुनं पेन विसरा.’

आतून मालकाचा आवाज आला. ‘तुझ्या चिठ्ठ्या वाचून अर्धी गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात जातात, थर्मामीटर.’

‘जाऊ देत.’

नव्वद दिवसांपूर्वीपर्यंत ती अशा चिठ्ठ्या लिहीत नव्हती.

दादा शिंपी आहे. वय अठ्ठावन्न, तिच्याहून सात वर्षांनी मोठा. घराची पुढची खोली हेच दुकान: कापायचं टेबल, पायाचं मशीन, भिंतीवर खुंटीला टांगलेल्या अर्धवट पॅन्टी. गल्लीत त्याचं नाव ‘पाव इंच’. गिऱ्हाईक म्हणालं, ‘असू द्या हो मास्तर, पाव इंचाने काय होतंय,’ तर हा कापड उसवून पुन्हा शिवतो. चाळीस वर्षांत एकही कापड वाया घालवलं नाही, असं तो सांगतो आणि त्याच्याशी भांडणारेही ते कबूल करतात.

मधुमेह त्याला पंधरा वर्षं. अडीच वर्षांपूर्वी मशीनच्या पायडलवरच्या उजव्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. तेव्हा डॉक्टरांनी हे आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं. ते परवडणारं नव्हतं, म्हणून तिने तिच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती केली. मोठ्या ताकदीचं पेन घ्यायचं आणि चाक पूर्ण न फिरवता टिक मोजून थांबायचं. जुन्या पेनाला बहात्तर टिक होते. दादाला मात्रा चौथाई हवी होती. बहात्तरचा चौथा भाग अठरा.

‘अठरा,’ तिने दादाला सांगितलं. ‘एक कमी नाही, एक जास्त नाही.’

‘पाव इंच म्हणतात मला, चिमे,’ तो म्हणाला. ‘मला मोजायला शिकवतेस?’

दर रविवारी सकाळी चहाच्या आधी तो कापायच्या टेबलाशी बसायचा, डोळे मिटायचा आणि मोजायचा. खिडकीतला बारीक आकडा त्याला दिसायचा नाही, आणि चाक मधेच थांबवल्यावर तिथे कामाचा आकडा यायचाही नाही. त्याने कान आणि बोट यांवरच भरवसा ठेवला. साखर उतरली. आठ महिन्यांत पायाची जखम भरली. वहिनी म्हणायची, ‘कापड मोजताना चुकतील एकवेळ, सुई टोचताना नाही चुकायचे.’

मग वजनवाले आले. पेन बाजारातून गायब व्हायला लागलं. पंधरा पेनं यायची आणि त्यांच्यासाठी पन्नास जणांनी आधीच नावं नोंदवलेली असायची. एका व्यायामशाळेच्या मास्तराने एकदा एकदम सहा मागितली, तेव्हा तिने त्याला दुकानातून घालवलं. तो समोरच्या दुकानात गेला आणि तिथे त्याला मिळाली. दादाला सात महिने एकही पेन मिळालं नाही. साखर पुन्हा चढली, आणि त्याची मूत्रपिंडं थोडी खराब झाल्याचं पहिल्यांदा त्याच काळात रिपोर्टात आलं. थोडीच, असं डॉक्टर म्हणाले. साखर आटोक्यात ठेवली तर आहेत तशी वर्षानुवर्षं चालतील.

त्यामुळे पेटंट संपायची तारीख तिने काउंटरमागच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती. मालक चेष्टा करायचा, ‘लग्नाची तारीखसुद्धा आठवत नाही तुला, आणि ही बघ.’ तारीख आली, पुढे पाच आठवड्यांनी, एका रविवारी, माल आला. पहिल्या खोक्यातलं पहिलं पेन तिने दादासाठी बाजूला काढलं, बर्फाच्या पिशवीत घालून दुपारी वहिनीकडे पोचवलं आणि धावत परत आली, कारण दुकानासमोर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दादाने पुन्हा चौथाईपासून सुरू करायचं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ‘मोजायचं तेच,’ तिने वहिनीला जाता जाता सांगितलं. ‘अठरा.’

खोक्यातला घडीचा कागद तिने उलगडला नाही. गिऱ्हाईकाने कागद टाकून दिला तर ती त्याला परत बोलावते. त्या दिवशी तिने शंभराहून अधिक कागद लोकांच्या हातात दिले.

संध्याकाळी सव्वासहाला दादाचा फोन आला. रांग अजून होती. फोन खांद्याने कानाशी धरून ती एकीकडे खोकी काढत होती.

‘चिमे, फार हुशार पेन आहे गं हे. अठराला आपोआप थांबतं.’

‘हो का?’

‘पुढे फिरतच नाही. यांनासुद्धा कळलेलं दिसतंय माझं माप.’

ती हसली. ‘छान झालं. दोन-चार दिवस मळमळेल हं. घाबरू नकोस.’

एवढंच बोलणं झालं. सत्तेचाळीस सेकंद. फोनमध्ये अजून नोंद आहे.

नव्या पेनाला एकूण अठराच टिक होते. चाक अठराला थांबत होतं, कारण तिथे पूर्ण मात्रा संपत होती. सात महिने औषधाविना गेलेल्या शरीरात दादाने चौपट मात्रा घेतली. दुसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण मळमळेल असं बहिणीने सांगितलं होतं. वहिनीने विचारलं तर म्हणाला, ‘औषध लागू पडतंय.’ पाणीही पोटात ठरत नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तो वेळेवर घेत राहिला, आणि अंगात पाणी नसताना त्यांचा भार मूत्रपिंडांवर पडत गेला. पुढच्या रविवारी टेबलाशी बसून, डोळे मिटून, त्याने पुन्हा अठरा मोजले. बुधवारी सकाळी एका कोटाची बाही कापता कापता तो टेबलावर आडवा झाला. वहिनीने त्याला उचललं तेव्हा कात्री बोटांत अडकलेली होती.

रुग्णालयात तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी औषधं विचारली. वहिनीने फ्रीजमधलं पेन पिशवीतून आणलं होतं. दुकानातून तिथे पोचलेल्या तिने ते वहिनीकडून हातात घेतलं, चाक फिरवलं आणि टिक मोजले. अठराला चाक थांबलं. खिडकीत एक आकडा होता: एक. तो शून्य पॉइंट दोन पाच असायला हवा होता.

पलंगावरून दादा खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, ‘मोजण्यात चुकलो असेन मी, डॉक्टर. वय झालं.’

डॉक्टरांनी लिहिलं: रुग्णाकडून मात्रेची चूक. ती पलंगाच्या उशाशी पेन हातात घेऊन उभी होती. दोन फुटांवरून तिने ते लिहिताना वाचलं आणि ती काही बोलली नाही.

त्यानंतर नव्वद दिवस ती त्याबद्दल बोलली नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे दादाला घेऊन जायची, सहा चाळीसला मशीन क्रमांक चारवर त्याला लावलं की शेजारी स्टुलावर बसायची, चार तासांनी घरी सोडायची आणि दुपारी दोनपासून दुकानात उभी राहायची. मालकाने पाळी बदलून दिली होती. वहिनी शेजारपाजारच्यांना सांगायची, ‘बहीण असावी तर अशी.’ पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नंतर सवय झाली.

घरी आल्यापासून दादाने काहीही कापलं नव्हतं. पाच गिऱ्हाईकांची कापडं त्याने परत केली. एकदा वहिनीने उशीच्या अभ्र्यासाठी साधं चौकोनी कापड पुढे ठेवलं, तर म्हणाला, ‘ज्याला अठरापर्यंत मोजता येत नाही त्याच्या हातात कापड देतेस?’ वहिनीला वाटलं चेष्टा आहे. ती हसली. तो हसला नव्हता.

आज तीन वाजता तिने काउंटर सोडलं. चार वाजून दहा मिनिटांनी रिपोर्टच्या खिडकीतून पाकीट मिळालं. ते तिने जिन्याच्या वळणावर उभं राहून फोडलं. मूत्रपिंडांच्या गाळण्याचा आकडा आठ. मागच्या महिन्यात नऊ होता. पंधराच्या खाली मशीन लागतं. खाली डॉक्टरांच्या खोलीत तिला सहा मिनिटं मिळाली.

‘आता हे कायमचं धरायचं,’ डॉक्टर म्हणाले. ‘मशीन जोडायला हातात कायमची नस करून घेऊ. मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही.’

‘काहीच शक्यता नाही?’

‘तुम्ही या क्षेत्रातल्या. तुम्हाला काय सांगायचं?’

घरी दादा टेबलाशीच बसला होता. टेबलावर काहीच नव्हतं. मानेतल्या नळीवरची पट्टी झाकायला त्याने उकाड्यातही गळ्याशी रुमाल बांधला होता. तिने पाकीट पुढे ठेवलं. त्याने ते उघडलं नाही.

‘तोंडावर लिहिलंय तुझ्या,’ तो म्हणाला. ‘किती?’

‘आठ.’

‘वाढला की कमी झाला?’

‘कमी झाला.’

आत वहिनीने भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

दादाने टेबलाखालच्या खणातून कात्री काढली. तेल लावून कापडात गुंडाळलेली होती. ‘ही घेऊन जा. चौकातल्या शिंप्याला दे. पोरगा बरा आहे त्याचा, हात साफ आहे. मला ठेवून काय करायची? मोजणं गेलं ते गेलंच.’

‘दादा, ठेव ती.’

‘चाळीस वर्षं मोजलं, आणि स्वतःच्या जिवाचं मोजायची वेळ आली तर…’

‘तू बरोबर मोजलंस.’

तो थांबला.

‘अठराच मोजलेस. अठराच होते. पेन वेगळं होतं. नव्या पेनाचे अठरा म्हणजे जुन्याचे बहात्तर. कागदात लिहिलेलं होतं, मी वाचला नाही. फोनवर तू म्हणालास आपोआप थांबतं, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझी आहे.’

वहिनी दारात येऊन उभी होती. पदराला हात पुसता पुसता तिचे हात थांबले होते.

दादाने कात्रीकडे बघितलं. ‘म्हणजे अठराच होते?’

‘अठराच.’

‘दोन्ही रविवारी?’

‘दोन्ही.’

त्याने मान हलवली, माप घेऊन झाल्यावर हलवतो तशी. मग विचारलं, ‘तुला कधी कळलं?’

‘त्याच दिवशी. तातडीच्या विभागात.’

‘मी डॉक्टरांना म्हणालो तेव्हा तू तिथे होतीस.’

‘होते.’

‘कागद वाचायचा राहिला, ते होतं गं माणसाकडून,’ तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. ‘माझ्याकडूनही झालं असतं. पण तीन महिने मी रात्रंदिवस बोटं मोजतोय. आडवा पडून, मशीनवर, सगळीकडे. कुठे चुकलो, कितव्याला चुकलो. तू शेजारी स्टुलावर बसलेली असायचीस.’



वहिनी म्हणाली, ‘तुम्ही आता घरी जा.’ तिने रिपोर्टचं पाकीट उचललं आणि टेबलाच्या खणात टाकलं. दादाने कात्री पुन्हा कापडात गुंडाळली. ती त्याने चौकातल्या शिंप्यासाठी दिली नाही आणि हातातही धरली नाही. पाकिटाशेजारी ठेवून खण बंद केला.

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून दादाचा आवाज आला. ‘उद्या तू येऊ नकोस. ही येईल माझ्याबरोबर.’

चपला घालायला तिला वेळ लागला. एकीचा पट्टा लागत नव्हता. कोणी मदतीला आलं नाही.

बसथांब्यावरून तिने मालकाला फोन केला. ‘उद्या मी सकाळच्या पाळीला येते.’

‘उद्या बुधवार ना? दादाचं?’

‘वहिनी जाणार आहे.’

‘बरं. रिपोर्ट?’

‘आठ.’

‘सुट्टी घे वाटल्यास.’

‘नको. सकाळी नवा माल यायचाय.’

मग तिने रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाला फोन करून रुग्णासोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव बदलून घेतलं. पलीकडच्या परिचारिकेने नातं विचारलं. ती म्हणाली, ‘बायको.’ आणि आधीच्या नावाचं काय करायचं, या प्रश्नाला ती म्हणाली, ‘खोडा.’

उद्या बुधवार. सकाळी सहा चाळीसला मशीन क्रमांक चार दादासाठी राखून ठेवलेलं आहे, आणि आजपासून त्या नोंदीसमोर शेवटची तारीख लिहिलेली नाही. दुकान सात वाजता उघडतं. पाळीच्या तक्त्यात सकाळच्या रकान्यात तिचं नाव आहे. फ्रीजची नोंद सात वीसला होते.